राणीच्या दोन लेकी आणि एक सून

२८ डिसेंबर २०२४ ला कोल्हापुरात आईच्या तळहातावर ‘बिॲट्रिस’ ठेवली आणि जवळजवळ दोन वर्षं चाललेलं माझं एक काम पुरं झालं. बिॲट्रिस म्हणजे पितळेची सुयांची डबी. इंग्लंडातल्या रेडिच गावात, व्हिक्टोरिया राणीच्या काळात बनलेली आणि राणीच्या धाकट्या लेकीचं नाव ल्यालेली. तिच्या जोडीला ‘लुईझ’ आणि ‘अलेक्झांड्रा’ अशा आणखी दोन डब्या मिळाल्या. लुईझ ही राणीची चौथी मुलगी. अलेक्झांड्रा म्हणजे डेन्मार्कहून १८६३ साली लग्न होऊन आलेली थोरली सून. मुंबईचा इंदिरा डॉक आधी अलेक्झांड्रा डॉक होता, तो हिच्याच नावाचा.

या डब्या शोधायच्या कशा, पारखायच्या कशा, पैसे कुठे कुठे जातात आणि भारतात आणताना काय पाहावं, हे सांगणारं मला सुरुवातीला कोणी भेटलं नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

मी बर्मिंगहॅमला नऊ वर्षं राहते. आईनं तीस वर्षं लोकांचे ब्लाउज शिवले. तिच्या सुया औषधाच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत असायच्या. ‘सुया घे, पोत घे, दाभण घे’ असं ओरडत बायका गल्लीत यायच्या, त्यांच्याकडून ती सुया घ्यायची आणि घेताना प्रत्येक सुईचं नेढं उजेडाकडे धरून बघायची. फेब्रुवारी २०२३ मध्ये एका रविवारी सकाळी घराजवळच्या मैदानात जुन्या सामानाचा बाजार भरला होता. गाडीची डिकी उघडून लोक घरातलं सामान विकतात, तसला. एका टेबलावर बोटभर लांबीची, चपटी, काळवंडलेली डबी दिसली. झाकण उघडलं तर आत काळ्या कागदाची घडी, घडीत सुया, आणि झाकणावर ‘रेडिच’ हे नाव. रेडिच माझ्या घरापासून लोकलनं पाऊण तासावर. अठरा पौंड मागितले, मी दिले.

घरी येऊन मी जे केलं ते इथे मुद्दाम सविस्तर लिहिते. आई तांब्या-पितळेची भांडी जशी घासते तशी मी ती डबी चिंच आणि मीठ लावून घासली. पाच मिनिटांत काळं निघालं. त्याबरोबर झाकणावरचा सोनेरी थरही निघाला, आणि तोही सगळा नाही, ठिपक्याठिपक्यांनी. या डब्या पातळ पितळी पत्र्याच्या असतात. साच्यात दाबून त्यावर नक्षी उठवलेली असते आणि वरून सोन्यासारखी झाक देणारा थर चढवलेला असतो. दीडशे वर्षांनी तो थर जेवढा उरलेला असेल तेवढी डबी खरी. एकदा गेला की परत येत नाही. त्या संध्याकाळी मला फार वाईट वाटलं. पैशांचं नव्हे. कुणीतरी एवढी वर्षं जपलेली वस्तू माझ्या हाती आली आणि पहिल्याच दिवशी मी ती खरवडली, याचं. तेव्हापासून माझ्याकडे डबी आली की कोरड्या मऊ सुती कापडानं धूळ टिपते, त्यापलीकडे काही करत नाही. तुम्हीही करू नका. दुकानदाराकडची चकचकीत डबी दिसली तर आधी विचारा, घासली आहे का.

एप्रिलमध्ये रेडिचला गेले. बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटहून जाणारी लोकल तिथेच संपते. स्टेशनातून पायी जाऊन फोर्ज मिल सुई संग्रहालय गाठलं. पाण्याच्या चाकावर चालणारी सुया घासायची जुनी गिरणी आहे ती. १९५८ पर्यंत काम चालू होतं, आणि १९८३ मध्ये एलिझाबेथ राणीनं तिचं संग्रहालय म्हणून उद्घाटन केलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जगातल्या दर दहा सुयांपैकी नऊच्या आसपास याच गावात आणि भोवतालच्या वाड्यावस्त्यांत बनत, हे तिथे कळलं. तारेचा तुकडा तोडायचा, दोन्ही टोकांना अणी काढायची, मधोमध दोन नेढी पाडायची, मग तुकडा मोडून दोन सुया करायच्या. त्यानंतर पोलाद तापवून कडक करायचं, आणि हजारो सुया खडबडीत भुकटी व साबणासह कापडात गुंडाळून दिवसचे दिवस लाटायच्या, तेव्हा कुठे सुईला लकाकी यायची.

अणी काढणाऱ्या माणसांची हकीकत वाचून मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. कोरड्या दगडी चाकावर सुई धरली की दगडाची आणि पोलादाची धूळ उडे, ती फुप्फुसांत जाई आणि माणसं ऐन तरुण वयात मरत. धूळ ओढून घेणारे पंखे आले तेव्हा त्याच कामगारांनी त्यांना विरोध केला. धोक्याचं काम म्हणून मजुरी जास्त होती, धोका गेला तर मजुरीही जाईल अशी त्यांना भीती होती. राजकन्येच्या नावाची सोनेरी डबी हातात घेताना ही माणसं मला आठवतात, आणि ती आठवायला हवीत असं मला वाटतं.

तिथल्या काचेच्या कपाटांत पहिल्यांदा एव्हरींच्या डब्या नीट बघायला मिळाल्या. डब्ल्यू. एव्हरी अँड सन हा रेडिचच्या हेडलेस क्रॉस भागातला सुयांचा कारखाना. १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची वीसेक वर्षं त्यांनी या डब्या काढल्या. सुया सगळ्यांच्याच चांगल्या होत्या, मग गिऱ्हाइकानं आपलीच का घ्यावी? तर डबीसाठी. फुलपाखरू, मधमाश्यांचं पोळं, हातगाडी, शिंपला असे आकार त्यांनी केले. चपट्या डब्यांपैकी काहींना राजघराण्यातल्या स्त्रियांची नावं दिली. एका प्रकारात ६, ७, ८, ९ असे आकडे असतात. आकड्यापाशी कळ सरकवली की त्याच मापाच्या सुया वर येतात. आकडा जेवढा मोठा तेवढी सुई बारीक, हे आपल्याकडच्या शिवणाऱ्या बायकांना सांगायला नको.

तिथेच ठरवलं की नावांच्या तीन मिळवायच्या: लुईझ, बिॲट्रिस, अलेक्झांड्रा. तीनच. संग्रह वाढवत न्यायला माझ्याकडे जागाही नाही आणि पैसेही नाहीत. एका डबीला दीडशे पौंडांच्या वर जायचं नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

जूनमध्ये घाई केली. एका संकेतस्थळावर ‘बिॲट्रिस’ दिसली, ६५ पौंड, फोटो तीन. आली तेव्हा पाहिलं तर बिजागरी मागून शिश्यानं झाळलेली. फोटोंत मागची बाजू नव्हतीच. विकणारी व्यक्ती खासगी होती. हे महत्त्वाचं आहे, कारण इंग्लंडात व्यापाऱ्याकडून ऑनलाइन घेतलेली वस्तू मिळाल्यापासून चौदा दिवसांत कारण न देता घेणं रद्द करता येतं. खासगी विक्रेत्याला आणि सार्वजनिक लिलावाला मात्र हा नियम लागू नाही. मला ‘वर्णनाप्रमाणे नाही’ अशी तक्रार करावी लागली. फोटो काढले, लिहिलं, उत्तर आलं, परत लिहिलं. एकोणीस दिवसांनी पैसे परत मिळाले, परतीच्या टपालाचे तीन पौंड ऐंशी पेन्स सोडून. तेव्हापासून पैसे देण्याआधी चार फोटो मागते: बिजागरी बाहेरून, बिजागरी आतून, तळ, आणि कळ अर्धी सरकवलेली. जो विक्रेता हे फोटो काढून पाठवत नाही त्याच्याकडून घेत नाही.

अलेक्झांड्रा सहज मिळाली. ऑगस्टमध्ये एका जुन्या वस्तूंच्या दुकानात, काचेखाली, चिठ्ठीवर ११० पौंड. थर शाबूत, कडेला थोडा पोचा. शंभरला दिली.

लुईझ लिलावातून आली. लिलावाची सवय नसेल तर आकडेमोड आधी करून ठेवा, मी हिशेबाच्या नोकरीत असूनही पहिल्यांदा चुकले असते. नाव नोंदवायला पासपोर्टची प्रत आणि घरच्या पत्त्याचा पुरावा मागितला. मंजुरीला दोन दिवस लागले, म्हणून लिलावाच्या आदल्या रात्री नोंदणी करून भागत नाही. वस्तूची अवस्था कशी आहे याचा लेखी अहवाल मागता येतो, तो फुकट असतो. मी मागितला आणि त्यात ‘एक कळ अडकते’ हे वाक्य होतं, जे यादीत नव्हतं. १४ नोव्हेंबरला माझी बोली ९० पौंडांवर थांबली. मला त्या डबीचे नव्वद पडले नाहीत. लिलावघराचं २४ टक्के शुल्क २१ पौंड ६० पेन्स, त्या शुल्कावर २० टक्के कर ४ पौंड ३२, ऑनलाइन बोलीचे ३ टक्के आणि त्यावरचा कर मिळून ३ पौंड २४, टपाल १४. एकूण १३३ पौंड १६ पेन्स. म्हणजे मनातली शेवटची रक्कम दीडशे असेल तर बोली शंभराच्या आसपासच सोडावी लागते. समोर आकडे चढत असतात, छाती धडधडत असते, तेव्हा हे सुचत नाही. मी कागदावर ‘१००’ लिहून तो कागद पडद्याला चिकटवला होता.

अडकलेली कळ मी उघडून पाहिली नाही. ती अजून अडकलेलीच आहे, आठ नंबरची.

मग बिॲट्रिस. तिनं वाट पाहायला लावली. डिसेंबर ते जुलै, आठ महिने. दर शनिवारी सकाळी शोध घ्यायचा, महिन्यातून एकदा कुठेतरी जत्रेसारखा बाजार असला तर जायचं, आणि रिकाम्या हातानं परतायचं. दोनदा दिसली, दोन्हीदा घासून पांढुरकी केलेली. मार्चमध्ये कंटाळून सोडून द्यायचं ठरवलं होतं. त्याच दिवसांत या बायकांविषयी वाचत होते, तेवढ्यावर तग धरला. लुईझ शिल्पकार होती. लंडनच्या केन्सिंग्टन राजवाड्यासमोरचा व्हिक्टोरियाचा पुतळा तिनं घडवलेला आहे. तिच्या नवऱ्याला कॅनडाचं गव्हर्नर जनरलपद मिळालं आणि १८७८ मध्ये ती समुद्रापार गेली. बिॲट्रिसला मात्र राणीनं दूर जाऊ दिलं नाही. १८८५ मध्ये लग्नाला होकार दिला तो आपल्याच घरी राहायच्या अटीवर. धाकटी लेक शेवटपर्यंत आईपाशी राहिली, तिची पत्रं लिहीत राहिली आणि आई गेल्यावर तिच्या रोजनिशीची नक्कल करत बसली. मी घरात धाकटी. आई कोल्हापुरात एकटी. बिॲट्रिस मिळाली तर ती आईकडे जाईल, हे मी मार्चमध्येच ठरवलं आणि शोध थांबवायचा विचार सोडला.

१३ जुलै २०२४. पावसामुळे बाजार अर्धा रिकामा होता. एका वयस्कर बाईंच्या टेबलावर बटणांच्या बरणीशेजारी ती होती. थर जवळजवळ पूर्ण, बिजागरी स्वच्छ, नाव वाचता येत होतं. आत एक काळी पुडी, सुया गंजून एकमेकींना चिकटलेल्या. बाईंनी ८५ मागितले, ७५ ला दिली. मी पावती मागितली तेव्हा त्यांना नवल वाटलं, पण त्यांनी वहीचं पान फाडून तारीख, वर्णन आणि रक्कम लिहून सही केली. अशी पावती नेहमी मागून घ्या. ‘पितळी डबी’ एवढंच नको. ‘सुयांची पितळी डबी, एकोणिसावं शतक, इतके पौंड’ असं हवं. त्या पानाचा पुढे उपयोग झाला.

मध्ये एक काम राहिलं होतं. मी चिंचेनं घासलेली पहिली डबी. तिच्यावर गावाखेरीज दुसरं नाव नाही, पण पाठीमागे शंकरपाळीच्या आकाराचा एक बारीक ठसा आहे. १८४२ ते १८८३ या काळात ब्रिटनमध्ये नमुन्याची नोंदणी केली की असा ठसा मारत. वरच्या वर्तुळात रोमन एक असेल तर वस्तू धातूची. १८६८ पासूनच्या ठशांत उजव्या कोपऱ्यातलं अक्षर वर्षाचं, खालचं महिन्याचं, वरचा आकडा दिवसाचा, डावीकडचा नोंदीच्या गठ्ठ्याचा. त्याआधीच्या ठशांत हीच माहिती वेगळ्या कोपऱ्यांत असते, त्यामुळे आधी कोणत्या काळातला ठसा आहे ते ठरवावं लागतं. माझ्या डबीवर उजवीकडे ‘सी’ होतं की ‘डी’, ते घासल्यामुळे कळेना. सी म्हणजे १८७०, डी म्हणजे १८७८.

लंडनला क्यू इथे राष्ट्रीय अभिलेखागारात या नोंदवह्या आहेत: बीटी ४३ मध्ये नमुन्यांची चित्रं, बीटी ४४ मध्ये नोंदी. ऑगस्टमध्ये रजा काढून गेले. रविवार आणि सोमवार बंद असतं. मूळ कागद बघायला वाचकपत्र लागतं. ते फुकट मिळतं, पण ऑनलाइन अर्ज भरून झाल्यावर तिथे जाऊन नावाचा एक आणि पत्त्याचा एक असे दोन पुरावे दाखवावे लागतात. भारतीय पासपोर्ट चालला, पत्त्यासाठी बँकेचं पत्रक नेलं होतं. पेन आत नेता येत नाही, पेन्सिल न्यायची. पिशवी कपाटात ठेवायची. फोटो काढायला पैसे पडत नाहीत. वह्या आदल्या दिवशीच मागवून ठेवल्या तर वेळ वाचतो. मी हे केलं नव्हतं, म्हणून सकाळचा तास बसून काढला.

वही आली ती दोन हातांनी उचलावी लागेल एवढी. पानांवर चित्रं चिकटवलेली: दिव्यांची बुडं, दारांच्या मुठी, चमचे, पलंगाचे खांब. १८७८ ची तारीख लावून पाहिली तर तिथे एका शेगडीचं चित्र. मग १८७० ची वही मागवली. दुपारी अडीचच्या सुमारास माझी डबी सापडली. शाईनं काढलेली, बोटभर, पानाफुलांची नक्षी जशीच्या तशी. माझ्या डबीवर आता नाही ती कडेची बारीक रेघही चित्रात होती. नोंदीत गाव रेडिच. मी फोटो काढला आणि वही बंद करायच्या आधी बराच वेळ ते चित्र बघत राहिले. त्या दिवसाचा खर्च रेल्वे आणि जेवण मिळून ५८ पौंड, म्हणजे डबीच्या तिप्पट. तरी गेले याचं समाधान आहे.

ऑक्टोबरपासून भारतात नेण्याची तयारी. आधी वाटत होतं तिन्ही डब्या न्याव्या, आईला दाखवाव्या, परत आणाव्या. मग १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा वाचला. शंभर वर्षांहून जुन्या कारागिरीच्या वस्तू पुरावशेषात मोडतात, आणि त्या खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. वस्तू भारतातच बनलेली असावी अशी अट त्या व्याख्येत नाही. परत निघताना विमानतळावर कागदपत्रांवर वाद घालत बसायची माझी तयारी नव्हती. म्हणून ठरवलं की जी कायमची राहणार तीच न्यायची. तुम्ही परदेशातून जुनी वस्तू ‘फक्त दाखवायला’ नेणार असाल तर हे आधी वाचा, तिकीट काढल्यावर नव्हे.

टपालाचाही विचार केला होता. रॉयल मेलनं पाठवलं तर २७० पौंडांपर्यंतच्या वस्तूला सीएन २२ आणि त्याहून महाग वस्तूला सीएन २३ हा जकातीचा कागद चिकटवावा लागतो, आणि भारतात आईला ओळखपत्र घेऊन धावपळ करावी लागली असती. त्यापेक्षा हातानं नेलेलं बरं. गंजक्या सुया पुडीसकट वेगळ्या काढून बर्मिंगहॅमलाच ठेवल्या. डबी सुती रुमालात, रुमाल छोट्या लाकडी पेटीत, पेटी हातातल्या पिशवीत. बरोबर बाईंनी दिलेली पावती, तिची प्रत, आणि डबीचे चार फोटो.

मुंबईला २६ डिसेंबरला पहाटे उतरले. त्या वेळी परदेशात राहणाऱ्या भारतीयाला पन्नास हजार रुपयांपर्यंतचं सामान जकातीशिवाय आणता येत होतं, आणि पंचाहत्तर पौंड म्हणजे जेमतेम आठ हजार. तरी मी लाल मार्गानं गेले, स्वतःहून सांगितलेलं बरं म्हणून. अधिकाऱ्यांनी पेटी उघडायला लावली.

“सोन्याची आहे?”

“नाही साहेब, पितळेची. सुया ठेवायची डबी.”

त्यांनी पावती वाचली, डबी उलटीपालटी करून पाहिली, शेजारच्या बाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, “माझ्या आजीकडे लाकडी होती अशी.” मी नोंद करून घ्यायची का विचारलं. एवढ्या किमतीला गरज नाही म्हणाले. सगळं मिळून वीस मिनिटं.

दोन दिवसांनी कोल्हापूर. आईनं चष्मा लावला, झाकणावरची नक्षी बोटानं चाचपली, मग नाव वाचायला लावलं. मी बिॲट्रिसची गोष्ट सांगितली, आईपाशी राहिलेल्या धाकट्या लेकीची. आई ऐकत होती. मग म्हणाली, “आणि दुसरी? ती लांब गेलेली?”

“लुईझ. ती माझ्याकडे आहे, बर्मिंगहॅमला.”

“तिला पण जप.”

ती उठली, गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीतून सुया काढल्या आणि एकेक नेढं उजेडाकडे धरून बघू लागली. गोधडीची दाभणं मावली नाहीत, ती परत पत्र्याच्या डबीत गेली. तुरपाईच्या बारीक सुया तिनं बिॲट्रिसमध्ये ठेवल्या आणि झाकण लावलं. “घासू का चिंचेनं?” तिनं विचारलं. मी एवढ्या जोरात नको म्हणाले की शेजारच्या काकू दारात आल्या.